विसाव्याचा लिंब

घरासमोर गाडी कुठे लावायची, या प्रश्नावरून आपल्या शहरांत आज जितकी भांडणे होतात, तितकी शेताच्या बांधावरूनही होत नसतील. वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही दारात उभा असेल. लातूरच्या एका जुन्या वसाहतीत, रस्ते विभागातील उपअभियंता रेणुकादास यांच्या दारात तो एका उन्हाळी संध्याकाळी येऊन उभा राहिला.

"अहो, दुसरी गाडी आणायची ठरवलीत खरी, पण ती उभी कुठे करायची?" त्यांच्या पत्नी सौदामिनी यांनी विचारले. त्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत. महाविद्यालय घरापासून हाकेच्या अंतरावर होते. पण रस्ता रुंद झाल्यापासून भर दुपारी तेवढे अंतरही चालवत नसे.

"ओटा काढू," रेणुकादास म्हणाले. "ओटा काढून पुढची जागा सिमेंटनं सपाट केली, की दोन गाड्या आरामात बसतील."

त्याच ओट्यावर त्यांचे वडील अनंतराव बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"आणि मी कुठं बसू? बॉनेटवर?"

सौदामिनींना हसू आवरले नाही. रेणुकादास मात्र गंभीरपणे म्हणाले, "अण्णा, आत एसी आहे की. या झळांत बाहेर बसता तरी कशाला?"

"एसी आत गार करतो आणि सगळी आग इथं माझ्या पाठीवर सोडतो. तूच बसून बघ कधी."

लातूर जिल्हा नव्याने झाला, त्या वर्षी अनंतराव नव्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले होते. जिल्हा झाल्याच्या आनंदात लोकांनी पेढे वाटले होते. आता मोठ्या कचेऱ्या येतील, मोठे रस्ते होतील, आपले गाव मोठे होईल! त्या मोठेपणाची स्वप्ने अनंतरावांनीही पाहिली होती. मुलगा अभियंता झाला तेव्हा त्यांना धन्य वाटले होते. नोकरीच्या काळात आणि नंतरही ते रोज एकाच रस्त्याने चालत: वसाहतीपासून स्मशानभूमीच्या वळणापर्यंत. दोन्ही बाजूंना जुने कडुलिंब होते, म्हणून सगळे त्याला लिंबाचा रस्ता म्हणत. गेल्या वर्षी रेणुकादासांच्याच आराखड्यानुसार त्याचे चौपदरीकरण सुरू झाले. वसाहतीकडच्या अर्ध्या रस्त्यावरचे लिंब गेले. मधोमध दुभाजक आला. कडेची मातीची पायवाट डांबराखाली गेली. त्या दिवसापासून अनंतरावांचे फिरणे बंद झाले होते.

"मी तुम्हाला रोज संध्याकाळी गाडीनं फिरवून आणतो," रेणुकादास म्हणाले.

"गाडीत बसून फिरायला जायचं, हे म्हणजे ताटावर बसून फोटोतलं जेवण बघण्यासारखं झालं." अनंतराव मुलाकडे वळले. "रेणू, तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण एवढं ऐक. मी गेल्यावर मला गाडीत कोंबून नेऊ नकोस. ज्या रस्त्यानं जन्मभर चाललो, त्याच रस्त्यानं चार माणसांच्या खांद्यावरून ने."

"अण्णा, तिन्हीसांजेला काय हे अभद्र!" सौदामिनी म्हणाल्या.

"अभद्र काय त्यात? न्यावं तर लागणारच. कसं, तेवढं सांगतोय."

रेणुकादासांनी वडिलांचे मन राखण्यासाठी हो म्हटले. आपण काय कबूल केले, याचा त्यांनी त्या वेळी विचारही केला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या कार्यालयात सुमनबाई आल्या. सुमनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लिंबाच्या रस्त्याच्या मध्यावर, जिथे तोडलेली झाडे संपून उभी झाडे सुरू होत, तिथे बौद्ध वस्ती होती. त्या वस्तीत त्यांचे घर होते. रस्त्याच्या दुसऱ्या टप्प्याला त्यांनी हरकत घेतली होती. अनंतरावांशी त्यांची रस्त्यावरची जुनी ओळख होती, पण त्या ओळखीचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

"साहेब, उरलेले लिंब तोडायची मंजुरी तुमच्याच टेबलावर आहे म्हणे."

"बाई, बसा. तुम्ही शिकल्या-सवरलेल्या आहात. शहरात गाड्या किती वाढल्या, तुम्ही बघताच. क्लासेसच्या वेळेला तर मुंगीला वाट मिळत नाही. रस्ता रुंद केल्याशिवाय गत्यंतर नाही."

"पहिला टप्पा रुंद केला. गर्दी हटली?"

रेणुकादास समोरच्या फायलीची पाने चाळू लागले.

"नाही हटली. कारण जे चालत होते, त्यांनीही गाड्या घेतल्या. चालणार कुठून? सावली नाही, कडेला जागा नाही, पलीकडे जायचं तर दुभाजकावरून उडी मारायची. साहेब, खाज येते म्हणून खाजवायचं आणि खाजवलं म्हणून आणखी खाज यायची, असं हे औषध आहे तुमचं."

बाजूच्या टेबलावरचा लिपिक खाली मान घालून हसला. रेणुकादासांना राग आला.

"मग काय, जिल्ह्याच्या गावाला बैलगाडीची वाट ठेवायची?"

"माणसांची ठेवा की. आमच्या सासूबाईंनी बहात्तरच्या दुष्काळात या रस्त्यावर खडी फोडली. पोटाला मिळत नव्हतं, तेव्हा बायांनी विहिरीवरून घागरी आणून ही झाडं जगवली. पुढं येणाऱ्यांना सावली होईल म्हणून. त्या अडाणी होत्या. त्यांना येणारा माणूस दिसत होता. तुम्हाला येणारी गाडी दिसते."

"मी तुमची हरकत वर पाठवतो," एवढेच रेणुकादास म्हणाले. कार्यालयात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे दोघांनाही ठाऊक होते. सुमनबाई उठल्या. जाताना म्हणाल्या, "त्या विसाव्याच्या लिंबालाही तुम्ही अडथळा म्हणून खूण केलीत. लाल रंगाची. तेवढं एकदा खाली उतरून बघा."

तो उन्हाळा लातूरकर कधी विसरणार नाहीत. शहराला पिण्याचे पाणी रेल्वेने येत होते. वस्त्यांत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. पाण्याच्या ड्रमला लोक कुलपे लावत होते. सोन्याचे कपाट उघडे राहिले तर चालेल, पण ड्रम उघडा राहता कामा नये, असे दिवस होते.

अशा दिवसांत एका पहाटे अनंतराव झोपेतच गेले.

नांदेडहून रेणुकादासांची बहीण गोदावरी येईपर्यंत थांबणे भाग होते. ती आली तोवर सूर्य डोक्यावर आला. शेजाऱ्यांनी सुचवले, "रेणुकादास, शववाहिका मागवू. या उन्हात चालत नेणं म्हणजे वेडेपणा आहे."

रेणुकादासांनी क्षणभर सौदामिनींकडे पाहिले. त्यांचे डोळे भरले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही शब्द दिलाय."

अंत्ययात्रा निघाली. ओलेत्याने, अनवाणी पायांनी, हातात शिंकाळ्यातले विस्तवाचे मडके घेऊन रेणुकादास पुढे चालू लागले. मागे तिरडी आणि खांदेकरी. तेही रीतीप्रमाणे अनवाणीच होते. वसाहतीच्या गल्लीतून सारे लिंबाच्या रस्त्यावर आले आणि रेणुकादासांचे पाऊल डांबरावर पडले.

त्यांच्या मस्तकापर्यंत कळ गेली!

ते डांबर नव्हते, तापलेला तवा होता. अंगावरचा ओला पंचा काही पावलांतच वाळला. ते कडेला सरकले. कडेलाही डांबरच होते. पलीकडे एका दुकानाची सावली दिसत होती. पण मध्ये दुभाजक होता, आणि तिरडी घेऊन तो ओलांडणे अशक्य होते. हा रस्ता त्यांनी आखला होता. त्याच्या प्रत्येक थराची जाडी त्यांना ठाऊक होती. गाडीचे चाक त्यावरून किती सहज धावेल, याचे गणित त्यांनी मांडले होते. या रस्त्यावर माणसाचा उघडा पाय पडेल, हे मात्र त्यांच्या मनातही आले नव्हते.

मागून हॉर्न वाजू लागले. काचा वर केलेली एक गाडी अगदी अंगावरून गेली. आतल्या माणसाने क्षणभर तिरडीकडे पाहिले, नमस्कारासाठी कपाळाला हात लावला आणि वेग वाढवला. त्या काचेआड आपणच बसलो आहोत, असे रेणुकादासांना वाटले.

"भाऊ, पाय टेकवत न्हाई हो!" मागून एक खांदेकरी कळवळून ओरडला. माणसे पावले उचलून उचलून टाकू लागली. कोणी घाई करी, कोणी मागे राही. तिरडी एका अंगाला कलली. वस्ती जवळ आली तसे गोदावरीचे यजमान पुढे धावत आले.

"दादा, खूप झालं. गाडी बोलवा. अण्णा रागावणार नाहीत. तिरडी खाली पडली तर मात्र जन्माचं लागून राहील."

रेणुकादास थांबले. मडके खाली ठेवता येत नव्हते, पुढे जाता येत नव्हते. वडिलांनी मागितलेली एकच गोष्ट, आणि तीही आपल्याच हाताने केलेल्या रस्त्यामुळे आपण पुरी करू शकत नाही! त्यांचे ओठ हलले. 'बोलवा गाडी' हे शब्द बाहेर पडणारच होते.

तेवढ्यात समोरून पाण्याचा आवाज आला.

अनंतरावांची बातमी ऐकून वस्तीच्या तोंडाशी सुमनबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात घागर होती, आणि त्या घागरीतले पाणी रस्त्यावर, अगदी रेणुकादासांच्या पायांसमोर सांडत होते. डांबरातून वाफ निघाली. सुमनबाईंनी मागे वळून हाक दिली, "अनंतराव आलेत गं! पाणी आणा!"

मग जे घडले ते पाहून अंत्ययात्रेतले सारे जागच्या जागी थबकले. वस्तीतली दारे एकामागून एक उघडली. बाया बाहेर आल्या, पुरुष आले. ड्रमची कुलपे निघाली. कोणाच्या हातात कळशी, कोणाच्या बादली, कोणाच्या नुसताच तांब्या. ज्या पाण्यासाठी त्यांनी रात्री जागून काढल्या होत्या, जे पाणी लेकरांनाही मापून दिले जात होते, ते पाणी ती माणसे काळ्या तापल्या रस्त्यावर ओतत होती. सुमनबाईंच्या सासूबाई चांगुणाबाई, वयाने वाकलेल्या, काठी टेकत आल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात लोटा होता. तो त्यांनी रेणुकादासांच्या पायांवरच ओतला.

"चाल, लेकरा. बापाला घेऊन चाल. लई तापलंय."

एके काळी ज्या वस्तीचे पाणी रेणुकादासांच्या घराण्याने शिवले नसते, त्या वस्तीने आज दुष्काळात आपले पाणी त्यांच्या वडिलांच्या वाटेवर अंथरले होते! आणि त्यात उपकाराचा आविर्भाव नव्हता, लाचारीही नव्हती. घरचे माणूस दारावरून निघाले म्हणजे जसे करावे, तसे ती माणसे करत होती. ओल्या रस्त्यावर पाऊल ठेवत रेणुकादास चालू लागले. पुढे पाणी पडत होते, मागे तिरडी येत होती. हॉर्न थांबले होते. गाड्यांतली माणसे काचा खाली करून, काही तर खाली उतरून, हात जोडून उभी होती. एवढ्या मोठ्या रस्त्यावर फक्त पाणी पडल्याचा आणि पावलांचा आवाज ऐकू येत होता.

वस्ती संपली आणि उभे लिंब सुरू झाले. पहिल्या झाडाखाली पाऊल पडताच रेणुकादासांना जणू दुसऱ्याच ऋतूत आल्यासारखे वाटले. पायाखाली माती होती. गार, मऊ माती! वर पालवी सळसळत होती. थोडे पुढे विसाव्याचा लिंब होता. घर आणि स्मशान यांच्या मध्यावर मृताला घटकाभर टेकवायचे, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, ही आपली जुनी रीत. पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या शहराने आपली माणसे या झाडाखाली टेकवली होती. तिरडी खाली ठेवली गेली. पोळलेली माणसे बुंध्याभोवती बसली.

रेणुकादासांनी वर पाहिले. त्यांनी कितीतरी पूल पाहिले होते, उड्डाणपूल पाहिले होते. पण इतके लोक एकाच छताखाली, विजेवाचून, पैशावाचून, कोणाची जात न विचारता निवांत होताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. वडिलांच्या चेहऱ्यावर पानांची सावली हलत होती. त्याच बुंध्यावर लाल रंगाची खूण होती. अडथळा!

कोणाच्या वाटेतला अडथळा?

त्यांना रडू कोसळले. बघणाऱ्यांना वाटले, मुलगा बापासाठी रडतो आहे. ते खरेच होते. पण तेवढेच खरे नव्हते.

तेरावा झाल्यावर रेणुकादास सुमनबाईंकडे गेले. चांगुणाबाई दारातच बसल्या होत्या. त्यांना वाकून नमस्कार करून ते म्हणाले, "बाई, तुमचे उपकार कसे मानू, कळत नाही."

"उपकार कसले?" सुमनबाई म्हणाल्या. "पाणी तुमच्या रस्त्यासाठी नाही ओतलं. अनंतरावांसाठी ओतलं."

"पण एवढं पाणी! एवढ्या टंचाईत! माझे वडील तुमचे कोण लागत होते?"

सुमनबाईंनी त्यांना बसायला सतरंजी टाकली.

"तुम्हाला खरंच ठाऊक नाही? अहो, ते रोज या दारावरून चालत जायचे. आमच्या मुलांना थांबवून पाढे विचारायचे. कुणाला दाखला कुठं मिळतो सांगायचे, कुणाचं पोर आजारी असलं तर दुसऱ्या दिवशी विचारून जायचे. सासूबाईंशी तर रोज भांडायचे, की लिंबाची काडी चांगली का दंतमंजन."

"म्हातारा लई वाद घालायचा," चांगुणाबाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

"रेणुकादास, ते गाडीतून गेले असते, तर आम्हाला त्यांचं नावसुद्धा कळलं नसतं," सुमनबाई म्हणाल्या. "चालणाऱ्या माणसाला गाव ओळखतं. तुम्हीही याच रस्त्यानं जाता की. बारा वर्षं झाली. वस्तीतल्या एका तरी माणसाचं नाव सांगा मला."

ज्या वडिलांना रेणुकादासांनी मानाने गाडीत बसवू पाहिले होते, त्यांनी पायी चालून केवढे ऐश्वर्य मिळवले होते! आणि ते ऐश्वर्य आपल्या घरात इतकी वर्षे असून आपल्याला दिसले नाही!

कामावर रुजू होताच ते आपले वरिष्ठ शरणप्पा यांच्यापुढे उभे राहिले. शरणप्पा निलंग्याकडचे, मनाने सरळ, पण तोंडाने फटकळ होते.

"साहेब, दुसऱ्या टप्प्याच्या मंजुरीवर मी सही करणार नाही. लिंब ठेवायचे. गाड्यांना दोनच पदर, आणि झाडांखाली चालणाऱ्यांना रुंद वाट, असा नवा आराखडा करतो."

"डोकं फिरलं का? वरून विचारलं तर काय सांगू? उपअभियंत्याचा बाप गेला म्हणून रस्ता अडला?"

"सांगा, की उपअभियंत्यानं रस्ता पहिल्यांदाच पाहिला."

"म्हंजे? आपण दोघांनी मिळून पाहणी केली की!"

"गाडीत बसून केली, साहेब. काचा वर करून. आज चालत करू. दुपारीच."

शरणप्पांनी आधी त्यांच्याकडे रागाने पाहिले. मग त्या चेहऱ्यावर काय दिसले कोण जाणे, ते उठले. वसाहतीच्या टोकाला दोघे गाडीतून उतरले. अर्ध्या वाटेवर शरणप्पांचा सदरा भिजून अंगाला चिकटला. त्यांनी रुमाल डोक्यावर धरला.

"रेणुकादास, भाजून मारायला आणलंत का मला? बूट हाय तरी तळवे जळायलेत!"

"थोडंच राहिलंय, साहेब."

वस्ती ओलांडून दोघे लिंबाखाली आले. शरणप्पा थांबले. मागे उन्हात तळपणारी वाट होती. पुढे, झाडांखाली, भाजीची टोपली घेऊन एक बाई विसावली होती. शाळेतून परतणाऱ्या दोन मुली बोलत बोलत चालल्या होत्या. एक म्हातारा बुंध्याला टेकून डुलकी घेत होता. एकाच रस्त्याची ही दोन टोके! एकीकडे नुसते वाहन वाहत होते. दुसरीकडे गाव नांदत होते. शरणप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढला आणि मान वर करून कितीतरी वेळ ते त्या हिरव्या छताकडे पाहत राहिले. त्यांच्या तोंडून शब्द निघाला तो अगदी हळू, देवळात बोलावा तसा.

"केवढं हाय हो हे! आन् आपण हे कागदावर पुसून टाकलं होतं."

"अजून उरलंय, साहेब."

"ठेवा मग," शरणप्पा म्हणाले. "करा तुमचा आराखडा. मी भांडतो वर."

त्यांना बरेच भांडावे लागले. व्यापाऱ्यांची शिष्टमंडळे आली, टीका झाली, दोघांनाही विकासाचे शत्रू ठरवले गेले. पण लिंब राहिले. ज्या अर्ध्या रस्त्यावरचे तोडले गेले, तिथे पुढे नवी रोपे लावली गेली. त्यांच्या खालून कोणी गारव्यात चालेल, त्याला मात्र एक अख्खी पिढी जावी लागेल. केलेल्या चुकीची एवढी किंमत मोजावीच लागते. रेणुकादासांच्या घरी दुसरी गाडी आली नाही. सौदामिनी छत्री घेऊन चालत जाऊ लागल्या आणि महिन्याभरात वाटेवरच्या लोकांना त्यांचे नाव ठाऊक झाले.

नागरिक बंधुभगिनींनो, गाडी वाईट नाही. आजाऱ्याला, दूरच्याला, घाईच्याला ती हवीच. पण साऱ्या गावाची जागा, सावली आणि गारवा गाडीच्या चाकाखाली घातला, तर गाव रुंद होते, मोठे होत नाही. आपल्या शहराचा रस्ता कसा असावा, हे ठरवताना सर्वांत वेगवान वाहनाचा विचार करू नका. सर्वांत सावकाश चालणाऱ्या, अनवाणी पायाचा विचार करा. ज्या शहराला आपले गेलेले माणूस सावलीतून नेता येत नाही, ते आपल्या जिवंत माणसांना तरी कसे जपणार?